जुने युनिक्स यंत्र आठवडाभरात रखडू लागते: प्रोसेसर बदलावा का?

अंबडकर:
नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या साच्यांच्या कारखान्यात सन कंपनीचा अल्ट्रा ५ संगणक अजून रोजच्या वापरात आहे. त्यावर सोलारिस ८ ही सनची युनिक्स प्रणाली असून ३६० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि एकच आयडीई डिस्क आहे. जुनी ड्रॉइंग्ज ज्या प्रणालीत आहेत ती दुसरीकडे चालत नाही, त्यामुळे यंत्र बदलता येत नाही. रीस्टार्ट केल्यावर आठवडाभर सगळे सुरळीत असते. नंतर मात्र एक ड्रॉइंग उघडेपर्यंत चहा पिऊन होतो आणि डिस्क सारखी करकरत राहते. ४०० मेगाहर्ट्झचा वापरलेला प्रोसेसर मिळतो आहे. तो घ्यावा का?

सातपूरचा सिस्टीमवाला:
इतक्यात घेऊ नका. यंत्र रखडलेले असतानाच 'व्हीएमस्टॅट ५' (दर पाच सेकंदांनी मेमरी व प्रोसेसरची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवा आणि पहिली ओळ सोडून द्या, कारण ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'आर' या रकान्यात सतत एकापेक्षा मोठा आकडा दिसला, तरच प्रोसेसरपुढे रांग लागली आहे असे समजावे. 'एसआर' रकाना, म्हणजे मेमरी मोकळी करण्यासाठी प्रणाली किती वेगाने शोधाशोध करते आहे तो आकडा, अधिक महत्त्वाचा आहे. सोलारिस ८ मध्ये फाईलींची कॅशे (वाचलेल्या फाईलींची मेमरीत ठेवलेली प्रत) त्या आकड्यात गोंधळ घालत नाही, त्यामुळे तो शून्याच्या बराच वर टिकून राहिला तर मेमरी खरोखरच कमी पडते आहे आणि डिस्कची करकर स्वॅपची, म्हणजे मेमरीत न मावणारा मजकूर डिस्कवर हलवण्याची आहे.

गोदाकाठ:
डिस्कसाठी एक बिनखर्चाचा उपाय सुचवतो. व्हीएफस्टॅब फाईलमध्ये (डिस्कचे विभाग कसे जोडायचे ते त्यात लिहिलेले असते) यूएफएस विभागांना, म्हणजे सोलारिसच्या नेहमीच्या डिस्क-विभागांना, 'लॉगिंग' आणि 'नोएटाइम' हे पर्याय द्या. पहिल्यामुळे लहान फाईली तयार करणे व पुसणे पुष्कळ जलद होते, शिवाय पावसाळ्यात वीज गेल्यावर 'एफएससीके' या आज्ञेने होणारी डिस्कची लांबलचक तपासणी टळते. दुसऱ्यामुळे फाईल नुसती वाचली तरी होणारी वेळेची नोंद थांबते. लॉगसाठी (बदलांची आधी होणारी नोंद) दर जीबीमागे साधारण १ एमबी जागा जाते, ती काही फार नव्हे.

अंबडकर:
आज दुपारी पाहिले. 'आर' शून्य, पण 'एसआर' तीनशेच्या खाली येतच नव्हता. दोन्ही पर्याय दिले आहेत, तरीही मूळ दुखणे कायम आहे. रीस्टार्टनंतर आठवडाभरच बरे का वाटते, हे मात्र उमगत नाही.

सातपूरचा सिस्टीमवाला:
'डीयू -एसके /टीएमपी' चालवून पाहा, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या /टीएमपी विभागाने किती जागा घेतली आहे ते कळेल. सोलारिसमध्ये /टीएमपी हा विभाग डिस्कवर नसून टीएमपीएफएस, म्हणजे मेमरीतच राहणारा विभाग असतो; म्हणून तिथे पडून राहिलेली प्रत्येक फाईल मेमरी किंवा स्वॅप अडवते आणि रीस्टार्ट होताच नाहीशी होते. आपला आठवड्याचा हिशोब त्यात बसतो.

अंबडकर:
१४८ एमबी निघाले! प्लॉटरला पाठवलेल्या प्रत्येक ड्रॉइंगची एक प्रत तिथे साचत होती. पुसल्यावर पाच मिनिटांत 'एसआर' शून्यावर आला. आता दोन दिवसांपेक्षा जुन्या प्रती रोज रात्री पुसणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे करणारी सोय) घातली आहे.

गोदाकाठ:
त्याच व्हीएफस्टॅबमध्ये /टीएमपीला 'साइज=६४एम' अशी मर्यादाही घाला. ती भरली तर प्लॉट अडेल, पण सगळे यंत्र अडणार नाही. प्रोसेसरचे पैसे मेमरीत घाला. अल्ट्रा ५ मध्ये ५१२ एमबीपर्यंत चालते, फक्त पट्ट्या जोडीने बसवाव्या लागतात.