मदत हवी आहे: संगणकावरून चालणाऱ्या रोषणाईला वायरलेस कंट्रोल – वायफाय, रेडिओ की आणखी काही?

सणाला घराबाहेर पिक्सेलची (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो अशा माळांची) रोषणाई करतो, गाण्याच्या ठेक्यावर चालणारी. सिक्वेन्स (कुठल्या क्षणी कुठला दिवा कसा लागेल याची आखणी) एक्सलाइट्स या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो आणि लॅपटॉपवरूनच चालवतो. घराच्या भिंतीवरचं सगळं केबलने जोडलेलं आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. अडचण आहे ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. तिथे फाटकावर कमान आणि शेजारी एक मोठं झाड आहे, मधून गाडी जायचा रस्ता. केबल वरून न्यावी तर लोंबते, खालून न्यावी तर फरशी फोडावी लागेल. वीज तिकडे आहे, फक्त डेटा पोचवायचाय.

कमानीवर २०० पिक्सेल, झाडावर ४००, सगळे १२ व्होल्टचे, डब्ल्यूएस२८११ चिपचे. एका युनिव्हर्समध्ये (५१२ चॅनेलचा गट, एका पिक्सेलला लाल-हिरवा-निळा असे तीन चॅनेल) १७० पिक्सेल बसतात, म्हणून कमानीला दोन आणि झाडाला तीन युनिव्हर्स. फ्रेम, म्हणजे सगळ्या पिक्सेलचे त्या क्षणाचे रंग, २५ मिलिसेकंदांची. दोन्हीकडे ईएसपी८२६६ या वायफाय चिपचे कंट्रोलर घरच्या वायफायवर, लॅपटॉपमधून डेटा ई१.३१ ने (नेटवर्कवरून युनिव्हर्स पाठवायचं मानक) जातो.

चालतं, पण अडखळत चालतं. हळूहळू रंग बदलणारे इफेक्ट छान दिसतात. ताल पकडायचा म्हटलं की भिंत पुढे आणि कमान मागे, मग कमान एकदम उडी मारून गाठते. दोन्ही एकाच नजरेत येत असल्याने जास्तच खटकतं.

हिशेब करून पाहिला. १८०० चॅनेल, सेकंदाला ४० फ्रेम, म्हणजे ७२ हजार बाइट. सहा लाख बिटसुद्धा होत नाहीत. याच वायफायवर सिनेमा बिनतक्रार चालतो, मग हे एवढंसं का अडतंय?

शोधल्यावर हाती लागलेले पर्याय: फाटकाकडे तोंड करून वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र), ५ गिगाहर्ट्झच्या दिशादर्शी अँटेनांची ब्रिज जोडी, एनआरएफ२४एल०१ रेडिओ मोड्यूल, नाहीतर तयार वायरलेस डीएमएक्स (रंगमंचाच्या दिव्यांची नियंत्रण पद्धत, बिनतारी). यातलं कोणी वापरलंय का? ‘फरशी फोडा’ हा सल्ला घरून मिळून झालाय, तो सोडून सांगा. :)

प्रतिसाद १
आधी दोन गोष्टी सांगा. एक्सलाइट्समध्ये मल्टिकास्ट (एकच पॅकेट सगळ्यांसाठी) ठेवलंय की युनिकास्ट (प्रत्येक कंट्रोलरला थेट वेगळं)? आणि कंट्रोलरचा स्वतःचा टेस्ट पॅटर्न लावला तर तो स्वच्छ चालतो का? तोही लुकलुकत असेल तर दोष वायरलेसचा नाही. ईएसपी ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो, पिक्सेलला साधारण ५ व्होल्टचा लागतो. मधे सिग्नलचा व्होल्टेज वाढवणारा लेव्हल शिफ्टर नसेल किंवा पहिल्या पिक्सेलपर्यंतची वायर लांब असेल तर माळ वेड्यासारखी चमकते आणि लोक राउटर बदलत बसतात.

धागाकर्ता
टेस्ट पॅटर्न अगदी स्वच्छ आहे, दोन्हीकडे. एक्सलाइट्समध्ये मल्टिकास्ट आहे.

प्रतिसाद १
मग बहुतेक तिथेच आहे. केबलवर मल्टिकास्ट निवांत चालतं, वायफायवर त्याला सावत्र वागणूक मिळते. एक तर ते पॅकेट पोचलं का हे कोणी विचारत नाही, हरवलं ते हरवलं. दुसरं, ॲक्सेस पॉइंट ते सहसा सगळ्यात कमी वेगाने पाठवतो. आणि खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत आहे. त्या वायफायवर एक जरी फोन बॅटरी वाचवायला डुलकी घेत असेल तर ॲक्सेस पॉइंट सगळं मल्टिकास्ट अडवून ठेवतो आणि ठरावीक बीकननंतरच (ॲक्सेस पॉइंट सतत ठरलेल्या अंतराने देतो ती हाक) सोडतो. बीकनचं अंतर सहसा १०२.४ मिलिसेकंद. तुमची फ्रेम २५ ची. म्हणजे चार फ्रेम साचतात आणि एकदम अंगावर येतात. कमान मागे पडते आणि मग उडी मारते ती अशी. सिनेमाचं विचाराल तर तो काही सेकंद आधीच भरून ठेवलेला असतो, त्याला असे हिसके जाणवत नाहीत. तुमच्या कंट्रोलरला प्रत्येक फ्रेम त्या क्षणालाच हवी.

राउटरमध्ये दोन्ही कंट्रोलरचे आयपी पक्के करा आणि युनिकास्ट लावा. कंट्रोलरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) डीडीपी ही पिक्सेलचा डेटा पाठवायची दुसरी पद्धत घेत असेल तर ई१.३१ सोडूनच द्या. डीडीपीच्या एका पॅकेटमध्ये ४८० पिक्सेल मावतात, त्यामुळे झाडाची अख्खी फ्रेम एकाच पॅकेटमध्ये जाते. आत्ता ती तीन तुकड्यांत जाते. एक तुकडा उशिरा आला की अर्ध्या झाडावर जुना रंग, अर्ध्यावर नवा. फर्मवेअरमध्ये वायफाय स्लीप असेल तर तेही बंद करा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर आहे, करून बघाच. पण मला विचाराल तर फ्रेम हवेतून पाठवण्याचा मार्गच कच्चा. रोषणाई बघायला माणसं जमतात आणि प्रत्येकाच्या खिशात २.४ गिगाहर्ट्झचा फोन असतो. युनिकास्टमध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, म्हणजे गर्दीत ते पोचेल, पण उशिरा. तालमीत सुरळीत चाललेला शो नेमका ऐन वेळी अडखळतो तो यामुळे.

फाल्कन प्लेअर हे रोषणाई चालवणारं सॉफ्टवेअर बघा, म्हणजे एफपीपी. घरात एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) मुख्य म्हणून ठेवायचा, फाटकाजवळ दुसरा रिमोट मोडमध्ये. सिक्वेन्सची एफसेक फाइल रिमोटच्या कार्डवर आधीच टाकून ठेवायची. मग वायफायवरून फक्त ‘आता इतक्या सेकंदावर आहोत’ एवढाच निरोप जातो. त्यातले काही निरोप गळाले तरी रिमोट आपल्या घड्याळावर पुढे चालत राहतो आणि पुढचा निरोप आला की जुळवून घेतो. फाटकाच्या पायवर पिक्सेल बोर्ड बसवला की माळा थेट त्यालाच जोडता येतात.

तोटा एकच, पण कंटाळवाणा: सिक्वेन्समध्ये काही बदललं की फाइल पुन्हा चढवायला हवी. शेवटच्या संध्याकाळपर्यंत रंग बदलत बसणाऱ्यांना हे जाचतं.

प्रतिसाद ३
एनआरएफ२४ बद्दल लिहितो, कारण ते वापरलंय. त्याच्या एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ३२ बाइट. तुमच्या १८०० बाइटना ५७ पॅकेट लागतील आणि तीही कुठला तुकडा कुठे बसतो याची खूण न घालता. सेकंदाला ४० फ्रेम म्हणजे सव्वादोन हजारांवर पॅकेट. पिक्सेलसाठी नादच सोडा. साध्या माळा चालू-बंद किंवा मंद करायच्या असतील, सोळा-बत्तीस चॅनेल, तर मात्र ते मस्त चालतं.

वायरलेस डीएमएक्सचीही तीच गत. तयार मिळणारी साधी जोडी सहसा एका युनिव्हर्सची असते, ५१२ चॅनेल. तुम्हाला पाच युनिव्हर्स लागतात. दोन-चार फ्लडलाइट रंगवायला ठीक. शिवाय हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, म्हणजे गर्दीतून सुटका नाहीच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे डीडीपी आणि युनिकास्ट लावलं. फरक डोळ्यांना दिसतोय, कमान आता भिंतीबरोबर चालते. घरातले सगळे फोन वायफायवर आले की मधूनच एखादा हिसका बसतो, म्हणजे प्रतिसाद २ मधली भीती खरी दिसते. ५ गिगाहर्ट्झच्या ब्रिजबद्दल कोणी बोललं नाही?

प्रतिसाद २
ब्रिज उत्तमच, फक्त ६०० पिक्सेलसाठी पसारा मोठा होतो. दोन्ही अँटेना एकमेकांना दिसायला हव्यात. मधे झाड आलं, त्यातून ओली पानं, की सिग्नल खाल्लाच. आणि ईएसपी८२६६ ला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, त्यामुळे पलीकडे इथरनेट पोर्टवाला कंट्रोलर लागेल. पुढे तिकडे काही हजार पिक्सेल लावायचा बेत असेल तर आत्ताच ब्रिज घ्या. नाहीतर एफपीपी रिमोट.

धागाकर्ता
मग रिमोटच करतो. शेवटची शंका. शोच्या मध्येच वायफाय पूर्ण गेलं तर कमान आहे त्या रंगावर गोठते का?

प्रतिसाद १
थेट फ्रेम पाठवत असाल तर ते फर्मवेअरवर आहे. ई१.३१ च्या मानकात २.५ सेकंद काहीच आलं नाही तर स्रोत गेला असं धरतात. त्यानंतर शेवटचा रंग धरून ठेवायचा, काळोख करायचा की कंट्रोलरमधला एखादा इफेक्ट लावायचा, हे बऱ्याच फर्मवेअरमध्ये निवडता येतं. मंद पिवळा रंग ठेवा, बघणाऱ्याला काही बिघडलंय हे कळतही नाही. रिमोटमध्ये चालू गाणं त्याच्या घड्याळावर पुढे जात राहतं, पण पुढचं सुरू व्हायला निरोप लागतोच.

प्रतिसाद ३
एक राहिलं. फाटकाकडचा रास्पबेरी पाय पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, पत्रा सिग्नल अडवतो. प्लास्टिकची पेटी घ्या, नाहीतर बाहेर अँटेना काढता येईल असा वायफाय डोंगल लावा. पेटी जमिनीलगत ठेवण्यापेक्षा कमानीच्या खांबावर डोक्याच्या वर बांधा. समोर माणसं उभी राहिली की तीही सिग्नल अडवतात. आणि राउटर आपोआप वायफायचं चॅनेल बदलत असेल तर ते बंद करून १, ६, ११ पैकी तुमच्याकडे सगळ्यात मोकळा असेल तो पक्का करा. चालू शोमध्ये राउटरने चॅनेल बदललं तर सगळे कंट्रोलर पुन्हा जोडले जाईपर्यंत निम्मं गाणं संपतं.