मदत हवी आहे : पोरगा नाताळच्या उपासनेला नाही म्हणून राहिला

जय ख्रिस्त भाऊ-ताईंनो. आम्ही अचलपूर तालुक्यातल्या खेड्यात राहतो, दिवसभर कापूस वेचणी अन् रात्री नाताळचा फराळ, पण मन कशातच लागत नाही. मोठा पोरगा १६ वर्षांचा, यंदा म्हणते २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेला येत नाही, कॅरोललाही नाही. आतून काही वाटत नाही तर खोटं खोटं गाऊ कशाला म्हणे. त्याचे बाबा भडकले, बायबलातलं इफिस ६:१ वाचून दाखवलं, आईबापाच्या आज्ञेत राहा. तर यानं त्याच पानावरचं चौथं वचन काढलं, बापानं लेकरांना चिडीस आणू नये. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

काल मी करंज्या भरत होती तर हा अंगणात गुपचूप कडुनिंबाला स्टार बांधून राहिला, स्वेटरला कापूस चिकटलेला, बल्ब लागल्यावर दोन मिनिटं तसाच पाहत उभा. त्याचा विश्वास गेला असं मला नाही वाटत.

बायबलातला लूकचा २ रा अध्याय सारखा वाचते. येशू १२ वर्षांचा, मंदिरात मागं राहिला, तीन दिवसांनी सापडला, मग नासरेथला जाऊन आईबापाच्या आज्ञेत राहिला. त्याच्या आईनं, मरीयेनं सगळं मनात ठेवलं, मी किती दिवस ठेवू?

ओढून नेला तर आज्ञा पाळली जाईल पण प्रार्थना होईल का? चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलावू, की त्याला लाज वाटेल? आजीचं ऐकतो तो, सासूबाईंना सांगून पाहू का? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी २४ च्या आत सांगा प्लीज, अन् नवऱ्याला कसं समजवू तेही.