स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी गटसत्रे: भाषा आणि गटरचनेबद्दल मार्गदर्शन हवे (फोंडा, गोवा)

नमस्कार.

माझी आई ७६ वर्षांची असून तिने फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले. दोन वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचे निदान झाले; आजार अजून सौम्य ते मध्यम अवस्थेत आहे. मध्यंतरी आम्ही तिला एका केंद्रातील गटसत्रांना नेत होतो. तिथे ‘आज वार कोणता, मुख्यमंत्री कोण’ असे प्रश्न सर्वांदेखत विचारले जात आणि चुकलेले उत्तर लगेच दुरुस्त केले जाई. जिने गावातल्या दोन पिढ्यांच्या वह्या तपासल्या, तिला हे फार लागले आणि चौथ्या दिवशी तिने घरातून निघायलाच नकार दिला.

त्यानंतर मी कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपीविषयी, म्हणजे ठरलेल्या विषयांवरील गटातल्या गप्पा व खेळांतून बुद्धीला चालना देण्याच्या पद्धतीविषयी, वाचले. मानसशास्त्रज्ञ एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये २०१ जणांवर घेतलेली तिची चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, सुमारे ४५ मिनिटांची, सात आठवड्यांत एकूण १४ सत्रे असे तिचे स्वरूप असून स्मरण व विचारशक्ती आणि जीवनमान या दोन्हींत तिचा उपयोग दिसला. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की माहिती विचारायची नाही, मत विचारायचे. घरी करून पाहिले. ‘हा आंबा कोणता?’ असे न विचारता ‘मानकुराद बरा की मुसराद?’ असे विचारल्यावर आई मुसरादच्या मांगाडाबद्दल (आंब्याचा रस आटवून केलेला गोड पदार्थ), ते किती वेळ ढवळावे लागते याबद्दल, बराच वेळ बोलत राहिली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज शिक्षिकेचा वाटला.

आता शेजारच्या पाच-सहा जणींचा गट सकाळच्या वेळी सुरू करावा असे मनात आहे, कारण संध्याकाळी आईची अस्वस्थता वाढते. अडचण मुख्यतः भाषेची आहे. आई बोलते कोकणीत, पण वाचन, लेखन आणि पाठ असलेले अभंग सारे मराठीत. गटातील दोघींना मात्र मराठी वाचता येत नाही. शब्दखेळांची सत्रे अशा वेळी कशी घ्यावीत? पैशांच्या सत्रात १९६१ पूर्वीची पोर्तुगीज अमलातील नाणी ठेवली तर आठवणींना वाट मिळेल, की धाकट्या वयाच्या सदस्या बाजूला पडतील? एकीला कमी ऐकू येते आणि एकीचा आजार बराच पुढे गेला आहे. त्यांना याच गटात घ्यावे का, याबद्दलही मला निर्णय घेता येत नाही.

गोव्यात घरभेटींतून शुश्रूषा करणाऱ्यांना आधार देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले होते, तर चेन्नईत या थेरपीचे तमिळ रूप तयार झाले आहे. मराठीत किंवा कोकणीत कोणी अशी सत्रे घेतली असतील, तर कोणते विषय रंगले आणि कोणते सोडून द्यावे लागले, हे कृपया सविस्तर लिहावे. मी प्रशिक्षित नाही, म्हणून पहिली काही सत्रे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली घेण्याची माझी तयारी आहे.