बी-ग्रेड भयपट आणि कॅथलिक श्रद्धा : पाहावेत की टाळावेत?

आजरेकर

गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधील उपासना) संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायातील, एका ज्येष्ठांनी असे मत मांडले की, जो मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) स्वीकारतो त्याने भुताखेतांचे आणि रक्तपाताचे बी-ग्रेड चित्रपट पाहणे सोडून द्यावे, कारण त्यांतून मनाला घाणीखेरीज काही मिळत नाही. तिथे सविस्तर बोलायला वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितो. माझ्या मते यांतले काही चित्रपट कॅथलिक माणसाने आवर्जून पाहावेत, आणि पाहताना आपली श्रद्धा बाजूला न ठेवता तिच्याच आधाराने पाहावेत.

आपल्याकडे बी-ग्रेड म्हटले की अश्लील असाच अर्थ घेतला जातो. मुळात तसे नव्हते. १९३०च्या दशकातील मंदीत प्रेक्षक टिकवण्यासाठी अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिला मोठ्या नटांचा असे आणि दुसरा थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत उरकलेला. या दुसऱ्या चित्रपटावर कोणाचा फारसा डोळा नसे, त्यामुळे प्रतिष्ठित चित्रपटांना जे बोलायचा संकोच वाटत होता ते तिथे सरळ बोलले गेले. सैतान आहे, मरणानंतर काहीतरी आहे आणि पापाची किंमत मोजावी लागते, या तीन गोष्टी हे चित्रपट निःसंकोचपणे गृहीत धरतात.

एकाच चित्रपटाबद्दल नीट लिहितो. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा १९६२चा चित्रपट हर्क हार्वी यांनी काढला. ते कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढत असत, आणि हा त्यांचा एकमेव कथापट. खर्च अवघा तीस-पस्तीस हजार डॉलर. मेरी हेन्री नावाची तरुणी मोटारीसह पुलावरून नदीत पडते, इतर बुडतात, आणि काही तासांनी ती एकटीच चिखलाने माखलेली पाण्यातून वर येते. ती ऑर्गनवादक आहे आणि दूर युटामधल्या एका चर्चमध्ये नोकरी घेते. पण चर्च हे तिच्या लेखी केवळ कामाचे ठिकाण आहे आणि हे ती लपवतही नाही. एका संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये ती सराव करत असते. तिची बोटे हळूहळू स्तोत्र सोडून भलत्याच सुरांकडे वळतात, डोळे कुठेतरी हरवतात, आणि शेवटी पाळक येऊन तिचे हात थांबवतो. तो तिला कामावरून काढतो, पण चर्चकडे पाठ फिरवू नकोस असेही सांगतो. ती पाठ फिरवतेच. मधूनमधून असे क्षण येतात की ती बाजारात बोलते आहे आणि कोणालाच ते ऐकू जात नाही. अखेरीस नदीतून मोटार वर काढली जाते, तेव्हा तिचा देह आतच असतो.

इतर प्रेक्षकांना इथे धक्का बसतो आणि चित्रपट संपतो. मला मात्र एक उणीव जाणवत राहते. या संपूर्ण कथेत मेरी हेन्रीसाठी एकही माणूस प्रार्थना करत नाही. दर २ नोव्हेंबरला आपण मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो, शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांची आठवण ठेवतो. अशा माणसाला हा चित्रपट जितका भीषण वाटेल तितका तो इतर कोणाला वाटणे कठीण आहे. दिग्दर्शकाच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. मी जी श्रद्धा घेऊन तिथे बसतो तिलाच ते दिसते.

ख्रिस्तसभेची (कॅथलिक चर्चची) भूमिकाही आपण समजतो तितकी संकुचित नाही. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात कलेच्या विभागात जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा १९२२चा ‘नोस्फेरातू’, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चाचा मूकपट, समाविष्ट आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९च्या कलावंतांना लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, कलावंत जेव्हा आत्म्याच्या काळोखात आणि दुष्टतेच्या अस्वस्थ करणाऱ्या रूपांत शिरतो, तेव्हाही तो तारणाची ओढच एका अर्थाने बोलून दाखवत असतो.

नागाळा पार्क

आजरेकर, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. आपण निवडलेला चित्रपट सभ्य आहे. त्यात रक्त नाही, नग्नता नाही, आणि तो आज जगभर नावाजला जातो. एका चांगल्या उदाहरणावरून साऱ्या प्रकाराला प्रमाणपत्र देता येत नाही. बी-ग्रेड भयपटांचा मोठा भाग कसा असतो, हे ज्यांनी सकाळच्या खेळांची पोस्टरे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. आधी स्नानगृहातील मुलगी, मग तिच्या मागे राक्षस, आणि या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाच्या एकाच हावेला खाद्य पुरवतात.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे, ती आपण वाचली असेलच. मित्रांनी त्याला रोममध्ये ओढून माणसांच्या झुंजी पाहायला नेले. देह इथे असला तरी मन इथे नसेल, अशा निश्चयाने तो डोळे मिटून बसला. पण गर्दीने एकच आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले, आणि रक्त दिसताच तो त्या क्रौर्याच्या आहारी गेला. पुढे तोच इतरांना घेऊन तिथे जाऊ लागला. अलिपियसही श्रद्धेच्या आणि निश्चयाच्या बळावरच आत गेला होता, आणि आपले बळ त्याच्याहून अधिक आहे असे मानायला आधार काय? फिलिप्पैकरांना लिहिताना संत पौल जे सत्य, जे शुद्ध, जे प्रशंसनीय त्याचे मनन करायला सांगतात. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी चित्रपटांविषयी जे विश्वपत्र (साऱ्या ख्रिस्तसभेला उद्देशून पत्र) लिहिले, त्यातही सत्याला आणि ख्रिस्ती नीतीला बाधक चित्रपट पाहणार नाही असे वचन श्रद्धावंतांकडून दर वर्षी घ्यावे असे आहे. त्यानंतर पुष्कळ बदलले हे मला ठाऊक आहे, पण माणसाचा डोळा बदललेला नाही.

आणि मला सर्वांत जास्त टोचते ते हे. या चित्रपटांत अंधारात बॅटरी मारावी तसा क्रूस पिशाच्चावर रोखला जातो. ज्या क्रुसावर प्रभूने प्राण दिला, त्याचा असा उपयोग पाहून पाहून आपल्या मुलांच्या मनात क्रूस म्हणजे ताईत होऊन बसतो. हे नुकसान आपण कसे भरून काढणार?

शाहूपुरी

मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरचा आहे आणि चित्रपटांच्या वातावरणात वाढलो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगण्याची परवानगी असावी. पडद्यावरचे रक्त आणि धर्म यांचे नाते आपल्या गावाला नवीन नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला, तेव्हा भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग पुढे काढून टाकावा लागला. तो प्रसंग अधर्माचा नव्हता, उलट स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा होती. म्हणजे रक्त दिसले एवढ्यावरून निकाल देता येत नाही, ते कोणाच्या बाजूने सांडते हेही पाहावे लागते.

रामसे बंधूंच्या १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या राक्षसाचे शिर त्रिशुलाच्या धाकाने बंदिस्त असते, आणि त्याच्या शापाने त्या घराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतात. नागाळा पार्क ताईंचा स्नानगृहाबद्दलचा आक्षेप या चित्रपटांना पूर्णपणे लागू आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्रिशूल दिसल्यावर खालच्या वर्गातला प्रेक्षक जेव्हा शिट्ट्या थांबवून गप्प होतो, तेव्हा त्याला तो ताईत वाटत नसतो.

कुस्तीच्या गावात मेक्सिकोचा विषय निघायलाच हवा. तिथे एल सांतो नावाचा रुपेरी मुखवट्याचा मल्ल होता. त्याने आखाड्याबाहेर पडद्यावर पिशाच्चिणींशी, ममींशी आणि वेड्या शास्त्रज्ञांशी लढती केल्या; १९८४ साली तो वारला आणि त्याला मुखवट्यासह पुरण्यात आले. याच देशात फ्राय तोर्मेंता या नावाने एक कॅथलिक धर्मगुरू अनाथाश्रमाचा खर्च भागवण्यासाठी वर्षानुवर्षे मुखवटा घालून कुस्ती खेळले. खासबाग मैदानात बसणाऱ्याला यात काही विपरीत वाटणार नाही. मात्र आजरेकर, आपल्याशी माझा एक मतभेद आहे. आपण चित्रपटात जे नाही ते त्याच्यावर लादता. प्रार्थना नसणे ही आपली जाणीव आहे, हार्वी यांची कलाकृती नव्हे, आणि चित्रपट आधी चित्रपट म्हणून पाहिला जाण्याचा त्याचा हक्क आपण हिरावून घेता असे मला वाटते.

आजरेकर

शाहूपुरी साहेब, कोणताही प्रेक्षक रिकाम्या मनाने बसत नाही. आपण प्रकाशयोजना पाहता ती आपल्या वाढत्या वयात स्टुडिओंनी दिलेली नजर, मी मृतांसाठीची प्रार्थना शोधतो ती मला घराने आणि ख्रिस्तसभेने दिलेली नजर. चित्रपटाची घडण नाकारून मी काही सांगितले असते तर तो अन्याय झाला असता. पण मेरी हेन्रीचा आत्म्याविषयीचा थंडपणा हा चित्रपटाचाच विषय आहे, कथेच्या आरंभीच ऑर्गनच्या कारखान्यातला माणूस तिला कामात थोडा जीव ओतायला सांगतो.

ताई, अलिपियसच्या हकीकतीला मी हलके मानत नाही. परंतु तो जिथे गेला तिथे खरी माणसे मरत होती, आणि त्याचा आनंद त्यांच्या मरणात होता. चित्रपटातील हत्या पाहताना मला मारणाऱ्याचा हर्ष होत असेल तर मी उठून जावे, हे मला मान्य आहे. आणि ज्या चित्रपटांची रचनाच त्या हर्षासाठी आहे ते मी पाहतही नाही.

ताईताच्या मुद्द्यावर मात्र मला वाटते की श्रद्धेने पाहणेच उपयोगी पडते. १९५८च्या ब्रिटनमधील हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये पिशाच्चाचा पाठलाग करणारा व्हॅन हेल्सिंग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरतो, आणि तेवढ्यावर पिशाच्च मागे हटते. प्रसंग विलक्षण ताकदीचा आहे, आणि धर्मशिक्षणाच्या दृष्टीने चुकीचाही आहे. कॅथलिक शिकवण एकत्र मांडणाऱ्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २१११व्या परिच्छेदात सांगितले आहे की, अंतःकरणाची तयारी बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटवणे ही अंधश्रद्धा आहे. ज्या मुलाला हे माहीत आहे तो तो प्रसंग पाहून विचारेल की इथे धातूने काम केले की विश्वासाने? हा प्रश्न नुसता उपदेश ऐकून सहसा मुलाच्या मनात उगवत नाही.

ब्रह्मपुरी

मी प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे. १८५२ साली अमेरिकन मिशन कोल्हापुरात आले तेव्हापासूनच्या परंपरेत आमचे घर आहे, आणि आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना नाही. त्यामुळे आजरेकरांना दिसलेली उणीव मला तशी दिसली नाही. मला त्या पाळकाचे वागणे बोचले. ज्या मुलीला सर्वांत जास्त गरज होती तिला त्याने आधी कामावरून काढले आणि मग मदतीची भाषा केली.

पण मला वेगळ्याच गोष्टीवर लिहायचे आहे, ती म्हणजे हसणे. हे चित्रपट आज लोक एकत्र जमून हसण्यासाठी पाहतात. एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला जगातील सर्वांत वाईट चित्रपट म्हणून मिरवले जाते. त्याला पैसे बाप्टिस्ट मंडळीतील लोकांनी दिले होते. त्यांच्यामुळे दिग्दर्शकाने आणि काही कलाकारांनी बाप्तिस्मा घेतला, आणि थडगी लुटण्याचा उल्लेख असलेले मूळ नावही त्यांनीच बदलायला लावले. पडद्यावर ड्रॅक्युला साकारून गाजलेले नट बेला लुगोसी १९५६च्या ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्यावर आधी टिपलेली काही मिनिटांची दृश्ये या चित्रपटात वापरली, आणि उरलेल्या प्रसंगांत एक उंच माणूस तोंडावर झगा धरून त्यांच्या जागी वावरला. त्या झग्यावर प्रेक्षक हमखास हसतात.

लुगोसी हंगेरीतल्या कॅथलिक घरात जन्मले होते. मॉर्फिनच्या व्यसनासाठी त्यांनी १९५५ साली स्वतःहून उपचार मागितले. कॅलिफोर्नियातील होली क्रॉस या कॅथलिक दफनभूमीत त्यांना ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरले आहे. हे माहीत झाल्यावरही त्या दृश्यावर हसत राहायचे असेल, तर त्या पाहण्याला ख्रिस्ती म्हणता येणार नाही. आजरेकरांनी सैतानाविषयी पुष्कळ लिहिले, पण पडद्यामागच्या गरीब, आजारी, अपयशी माणसावरील प्रीतीविषयी लिहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने प्रश्न तिथून सुरू होतो.

नागाळा पार्क

ब्रह्मपुरी दादांचे म्हणणे मला आजरेकरांच्या म्हणण्यापेक्षा अधिक पटले. आजारी म्हाताऱ्याकडे करुणेने पाहायला मी तयार आहे. त्यासाठी मी तो चित्रपटही पाहीन. परंतु माझा मूळ आक्षेप कायम आहे. आजरेकर, आपण प्रौढ आहात, आपल्याला धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद पाठ आहेत, आणि पाहताना कुठे थांबायचे हे आपल्याला कळते. दृढीकरणाच्या (श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) तयारीला बसणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. त्याने आपला लेख वाचला तर त्यातला एकच शब्द त्याच्या लक्षात राहील : ‘पाहावेत’. म्हणून सरळ विचारते. आपण त्या वर्गाला यांतले काय दाखवाल, आणि पालकांना आधी सांगाल का?

आजरेकर

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ दाखवीन, पालकांना आधी सांगून, आणि शक्यतो नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चर्चेला मृतांच्या दिवसाचा आधार मिळेल. ‘ड्रॅक्युला’मधला मेणबत्तीदाण्यांचा प्रसंग तेवढाच वेगळा दाखवीन, सबंध चित्रपट नाही. ‘पुराना मंदिर’ त्या वर्गाला दाखवणार नाही. ब्रह्मपुरी दादांची हरकत नसेल तर लुगोसींविषयी त्यांनीच येऊन बोलावे, कारण पडद्यामागच्या माणसाचा त्यांचा मुद्दा माझ्या लेखात खरोखरच हवा होता. ताई, मुलाचे वय आणि चित्रपटाची निवड याबाबत आपले म्हणणे मी मानतो. मात्र प्रौढ श्रद्धावंताने हा सगळा प्रकारच वर्ज्य करावा, हे मला मान्य नाही.

नागाळा पार्क

एका चित्रपटाला आणि एका प्रसंगाला माझी हरकत नाही, पण पालकांना सांगताना मी तिथे उपस्थित असेन. प्रौढांविषयीचे आपले मत मला अजूनही पटलेले नाही.