मेडिकल वॉर्डात मनोरुग्ण, रात्रपाळीला मी एकटी. मदत हवी आहे

शेवंती: तातडीचं आहे. सिंधुदुर्गात सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, मेल मेडिकल वॉर्ड. पायाची सूज आणि ताप म्हणून दाखल झालेला एक मनोरुग्ण काल रात्रीपासून आवरत नाहीये. दोनदा सलाईन उपटलं. भिंतीवर कुर्ल्या चढतायत म्हणतो, चादरीवरून काहीतरी वेचत बसतो. बाजूचे रुग्ण म्हणतात, याला बांधा नाहीतर आम्ही घरी जातो. वॉर्डबॉय मामा बांधायच्या पट्ट्या घेऊन तयारच आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आमच्याकडे रोज नसतात. आज परत माझी रात्र. बांधू की नको?

बंदरकर: रत्नागिरीला पाठवा. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपली रत्नागिरी. जवळ असून उपयोग करायचा नाही म्हणजे काय?

निवृत्त सिस्टर: तापाने फणफणलेला माणूस गाडीत घालून पाठवायचा? शेवंती, आजार कुठला? घरच्या गोळ्या चालू आहेत? दारू पितो? दाखल कधी झाला?

शेवंती: मनोरुग्ण आहे, फाइलवर लिहिलंय. वय 46. बांधू का, तेवढं सांगा ना कुणीतरी.

वकिलीण: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच बांधता येतं. तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. माणसं कमी आहेत हे कारण चालत नाही.

कणकवलीकर: अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर, ती कलम वाचत बसणार का? आधी पदं भरा. आणि हॅलोपेरिडॉलचं (मनोविकारावरचं औषध) इंजेक्शन दिलं की झोपतो माणूस, मी बघितलंय.

तात्या: बायो, घाबरा नको. आमच्या काकांक असाच झाल्ला. रवळनाथाक गाऱ्हाणा घातला नि सुधारले.

निवृत्त सिस्टर: गाऱ्हाणं जरूर घाला तात्या, पण इथे आजची रात्र काढायची आहे. शेवंती, दारूचं उत्तर आलं नाही.

शेवंती: ड्युटीवर आले, बायकोला विचारलं. ट्रॉलरवर खलाशी आहे, रोज पितो. परवा सकाळी दाखल झाला, शेवटची त्याच्या आदल्या रात्री. मानसिक आजाराची गोळी कधीच नव्हती. काल बडबड सुरू झाल्यावर कुणीतरी फाइलवर मनोरुग्ण लिहिलं. हात थरथरतायत, घामाने चादर ओली.

निवृत्त सिस्टर: ही दारू तुटल्याची, म्हणजे एकदम बंद झाल्याची लक्षणं वाटतात. शेवटच्या घोटानंतर 48 ते 72 तासांत असा डिलिरियम (भ्रम, बडबड) होतो, त्यालाच डीटी म्हणतात; फिट येते, जीवही जातो. ताप आहे म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात पसरला असण्याचीही शक्यता आहेच. आत्ता डॉक्टरांना उठव. "मनोरुग्ण आवरत नाही" असं सांगू नकोस, "डीटी वाटतंय" म्हण आणि नाडी, बीपी, ताप, शुगर, ऑक्सिजन पुढ्यात ठेव. ग्लुकोज लावायचं असेल तर थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्व) आधी विचार. कणकवलीकर, दारू तुटलेल्याला नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिट येण्याचा धोका वाढतो.

कॉट तुझ्या टेबलासमोर आण, दिवा चालू ठेव, सलाईनच्या हाताला बँडेज गुंडाळ, कात्री-सुई लांब. कुर्ल्या नाहीत म्हणून वाद घालू नकोस, आहेत असंही म्हणू नकोस. "मी सिस्टर, तुम्ही दवाखान्यात आहात, बायको बाहेर आहे", हेच सावकाश परत परत सांग. मामांना अंगावर जाऊ देऊ नकोस.

 

शेवंती: डॉक्टर आले. थायमिन सुरू केलं, शांत करणारं लोराझेपाम लिहिलं, रक्त तपासायला गेलं. पट्ट्या परत पाठवल्या. फाइलवरचं मनोरुग्णही डॉक्टरांनी खोडलं. पण मेल वॉर्ड म्हणून बायकोला रात्री थांबू देत नाहीत, आणि तो तिच्याच आवाजाला शांत होतो.

निवृत्त सिस्टर: मेट्रनना (मुख्य सिस्टरना) फोन करून परवानगी काढ आणि रिपोर्ट बुकात लिही. अशा रुग्णापाशी ओळखीचं माणूस लागतंच. नाही म्हणाल्या तर भाऊ, मुलगा, बोटीवरचा सोबती, कुणालाही बोलव.