मिरी औषध आहे ना? मग औषधासारखीच वागवा

औषधवाली
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. रोज सकाळी अनशापोटी सात काळे मिरे चावून खा, वर कोमट पाण्यातून हळद घ्या, महिन्याभरात बीपी, साखर, संधिवात सगळ्यांच्या गोळ्या बंद. मिरी नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य. खाली हात जोडलेल्यांची रांग. मी फार्मसिस्ट आहे. असलं वाचून गोळ्या अर्ध्यावर सोडलेली माणसं शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हळद-मिरीच्या जोडीला आधार आहे, नाही म्हणत नाही. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) आणि 20 मिलिग्रॅम पिपरिन (मिरीचा तिखटपणा ज्याने येतो तो घटक) एकत्र दिलं. मिरीबरोबर कर्क्युमिन ‘2000 टक्के’ जास्त शोषलं जातं, हा आकडा तिथूनच सगळीकडे गेला. पण नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा ते रक्तात जवळजवळ सापडतच नव्हतं, ती वाढ तिथून मोजलेली आहे. शिवाय ते 2 ग्रॅम कर्क्युमिन होतं, हळद नव्हे. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. म्हणजे एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम हळद. कोण खातंय?

मिरीचं नेमकं उलट आहे. तिच्यात पिपरिन 5 टक्क्यांच्या आसपास धरलं तर 20 मिलिग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी मिरी पुरते. आठ-दहा दाणे! हळदीचा प्रयोगातला डोस घरात होत नाही, मिरीचा सहज होतो. आणि पिपरिन काय करतं? आतड्यात आणि यकृतात औषधं मोडणारी एन्झाइम्स, त्यातलं मुख्य सीवायपी 3ए4, मंदावतं. जे हळदीला आत जाऊ देतं ते तुमच्या गोळीलाही जाऊ देतं. फिट्सवरचं फेनिटॉइन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन, तिन्हींची रक्तातली पातळी पिपरिनने वाढते हे माणसांवर तपासलेलं आहे.

सारात, खिचडीत, उपम्यात मिरी खुशाल घाला. रोज मोजून अनशापोटी घेता तेव्हा ते जेवण राहत नाही.

गवतीचहा
ताई, आमच्या आजीने जन्मभर तुपात तळलेले मिरे खाल्ले, सर्दी झाली की मिरपूड आणि मध. नव्वदी गाठली. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटात दुष्परिणामांचा केवढा कागद असतो, तो कोणी वाचतं का? आणि मिरीवर एवढं मोठं लिखाण! लॉकडाउनमध्ये आयुष मंत्रालयानेच काढा सांगितला होता ना, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका? तो सरकारने उगाच सांगितला?

औषधवाली
काढा प्रतिकारशक्तीसाठी सांगितला होता, कोरोना बरा करायला नाही. त्याच सुमारास ‘पुदुच्चेरीच्या विद्यार्थ्याने मिरी-मध-आल्याचा इलाज शोधला’ हाही मेसेज फिरला. साफ खोटा. आजी गोळ्या कुठल्या घेत होत्या? बहुतेक कुठल्याच नाहीत. माझा मुद्दा गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे. आणि मध-मिरीचं चाटण वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका, मधामुळे. हे मला दर हिवाळ्यात सांगावं लागतं.

वैद्यांची लेक
दोन्ही बाजूंचा राग आलाय. ग्रुपवाले आयुर्वेदाच्या नावावर काहीही खपवतात आणि तुम्ही सगळं एन्झाइमवर नेता. मिरी उष्ण, तीक्ष्ण. त्रिकटूत सुंठ आणि पिंपळीबरोबर येते, पण प्रकृती, ऋतू, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते) बघून. पित्ताच्या माणसाला ऑक्टोबरच्या उन्हात अनशापोटी सात मिरे? माझे वडील अशा माणसाला आधी घरी पाठवायचे आणि मग रागवायचे. चरकाने तर पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन अति वापरू नका म्हणून स्पष्ट सांगितलंय. पिंपळी मिरीच्याच कुळातली, पिपरिन तिच्यातही.

आणि हे पिपरिनचं ज्ञान पाश्चात्त्यांनी दिलेलं नाही. त्रिकटू इतक्या औषधांत का घालतात या प्रश्नावरून जम्मूच्या प्रयोगशाळेने काम केलं आणि टीबीचं औषध निघालं. रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम, सोबत 10 मिलिग्रॅम पिपरिन. हे कोणी अभिमानाने का सांगत नाही?

औषधवाली
मी सांगते, अभिमानानेच. पण बघा, 10 मिलिग्रॅम पिपरिनने रिफॅम्पिसिन निम्म्याहून कमी पुरत असेल, तर टीबीचा पूर्ण डोस चालू असलेल्याने वर मिरीचे फक्के मारले तर काय होईल? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

वैद्यांची लेक
बाजू कसली? डोस वैद्याने ठरवावा एवढंच म्हणते.

सावंतवाडीकर
सगळे मिरीबद्दल बोलताय, पण खाताय कुठली मिरी? आधी ते सांगा. आमच्या पोफळींवर मिरवेली आहेत. घोसातला एखादा दाणा लाल झाला की उतरवायचा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा, मग उन्हात. पावसात मर रोगाने अर्धे वेल जातात, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारून हात निळे होतात. आणि बाजारात श्रीलंकेच्या वाटेने व्हिएतनामची मिरी येऊन आमचा भाव पाडते. 2017 च्या डिसेंबरात सरकारने किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली, त्याहून स्वस्त मिरी आणायची नाही, तेव्हा कुठे श्वास घेतला. तुमच्या पिपरिनच्या टक्क्यात हे कोणी मोजतं का?

ठाण्याचा_राजू
काका, तुमचा माल इथे येईपर्यंत दुप्पट भाव. आम्ही काय करायचं? शिवाय ‘थेट बागेतून’ म्हणून घेतलेल्या पाकिटात पपईच्या बिया निघाल्यात. पाण्यात टाकल्या, तरंगल्या.

सावंतवाडीकर
तरंगलं म्हणजे पपईच असं नाही! पोकळ, हलकी मिरीसुद्धा तरंगते. दाणा दाताखाली फोडा. आत पांढरट, वास नाकात चढतो, जीभ भाजते. पपईच्या बीला तो वासच नाही, आकारही अंड्यासारखा. लोक पाण्याची परीक्षा करतात आणि खऱ्या शेतकऱ्याला चोर म्हणतात. थेट बागेतून कोणाकडून घेतलीत? बागायतदार होता की वाटेतला दलाल?

ठाण्याचा_राजू
चोर कोणाला म्हटलं? जे निघालं ते लिहिलं. तुम्ही उगाच अंगावर घेताय. आणि दलालाला माल देतं कोण?

निशिगंध
पपई सोडा, तेलाचं बघा. केरळात 2012 च्या अखेरीस खनिज तेल लावलेल्या मिरीच्या संशयावरून हजारो टन माल गोदामात सील झाला होता. तकाकीसाठी आणि बुरशी दिसू नये म्हणून लावतात. आता घ्या सात दाणे अनशापोटी! तळहातावर चोळून बोट काळं, तेलकट झालं तर तो माल घेऊच नका. मी चकचकीत मिरी घेणं कधीच बंद केलंय.

सावंतवाडीकर
हे मात्र बरोबर. आमची मिरी मळकट दिसते, सुरकुतलेली. म्हणूनच गिऱ्हाईक नाक मुरडतं. चकचकीत हवं असतं ना सगळ्यांना.

औषधवाली
धागा बागेत गेला, तरी लिहिते, कारण हे मला छळतं. माझ्या मामाला फिट्स येतात, वर्षानुवर्षं फेनिटॉइनवर. लॉकडाउनमध्ये घरात काढा सुरू झाला, मिरी मूठभर, तीनदा. काही आठवड्यांत मामा भिंतीला धरून चालायला लागला, वस्तू दोन-दोन दिसायला लागल्या. मामी म्हणे अशक्तपणा, अजून काढा द्या! रक्ततपासणीत औषधाची पातळी वर गेलेली. काढा थांबवला, डॉक्टरांनी डोस पुन्हा बसवला, मग सावरला. दिल्लीच्या एम्समध्ये मिरपूड घातलेलं सूप देऊन फेनिटॉइनची पातळी मोजली होती, तिथेही ती वाढली. गोळी नाही, कॅप्सूल नाही. सूप!

गवतीचहा
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण काढ्यात पाच गोष्टी होत्या. मिरीनेच झालं कशावरून? डॉक्टरांनी तसं लिहून दिलं का?

औषधवाली
लिहून नाही दिलं. एका माणसावरून सिद्ध होत नाही, मान्य. तुमच्या आजीवरूनही होत नाही.

वैद्यांची लेक
एक भर घालते, औषधवालीच्या बाजूने, नाइलाजाने. हळदीच्या महागड्या कॅप्सूल मिळतात, आत मिरीचा अर्क घातलेला. अमेरिकेत आणि इटलीत अशा पूरकांनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले गेलेत. आमच्याकडे लोक त्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून आणतात. त्यात आयुर्वेद नाही, नुसता अर्क आहे. भाजीतल्या मिरीला त्याच्यासाठी बदनाम करू नका.

औषधवाली
भाजीतल्या मिरीला पहिल्याच पोस्टमध्ये सोडलंय.

गवतीचहा
बरं. ‘गोळ्या बंद करा’ ही ओळ चूक आहे, तेवढं आमच्या ग्रुपवर लिहीन. बाकीचं नाही. सर्दीत माझ्या घरी मिरी-मध मिळणारच, आणि त्याने घसा मोकळा होतो, तुमचा अभ्यास काहीही म्हणो.

औषधवाली
घसा मोकळा होतो हे मी कुठे नाकारलं? तेवढं लिहाल तरी पुष्कळ. सोबत एवढंच घाला: फिट्स, हृदय, दमा, टीबी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील तर रोजचा काढा किंवा मिरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि आधीच सुरू असेल तर तेही सांगा, लपवू नका.

ठाण्याचा_राजू
सावंतवाडीकर काका, या हंगामाचा किलोचा भाव लिहा. दलाल नको, तुमच्याकडूनच घेतो.

सावंतवाडीकर
माल अजून वेलावर आहे. फेब्रुवारीनंतर विचारा.