चर्चला जाते, प्रार्थना करते, पण तो आनंद कुठेय?

थोमाची_बहीण:
नमस्कार, कसं विचारावं कळत नाहीये पण विचारतेच. लहानपणापासून चर्चमध्ये आहे, बाप्तिस्मा झालाय, बायबल रोज नाही तरी बऱ्यापैकी वाचते. प्रॉब्लेम असा की साक्ष देताना, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगताना, सगळे म्हणतात प्रभूमुळे आयुष्यात आनंद आला आणि मला तसलं काहीच होत नाही. गाणं चालू असतं, लोकांचे हात वर, डोळे मिटलेले, आणि मी नुसते ओठ हलवत असते, डोक्यात वाळत घातलेले कपडे भिजतील का हे चाललेलं. मधेच एक डोळा उघडून बघते की बाकीच्यांना खरंच काही होतंय का. गेलं वर्षभर तर जास्तच झालंय. एकीला सांगितलं तर म्हणाली, काहीतरी पाप लपलेलं असेल, शोध. शोधलं हो, सापडली पण ढीगभर 😅 आनंद काही आला नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात तर सरळ आज्ञाच आहे, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. आता आज्ञा देऊन कुणाला आनंद होतो का? की माझा विश्वासच खोटा आहे?

गव्हाचा_दाणा:
ताई, ते एक वचन बाजूला काढून भिंतीवर लावतात ना, तिथेच घोळ होतो. अख्खं पत्र एका बैठकीत वाचा, चारच अध्याय आहेत, अर्धा तासही लागत नाही. पत्र लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत आहे. दुसऱ्या अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला ते सांगताना म्हणतो की देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्यात तर रडत रडत लिहितोय. आणि हाच माणूस चौथ्यात आनंद करा म्हणतो. म्हणजे त्याच्या हिशेबात रडणं आणि आनंद एकाच पत्रात बसतात, एक आलं की दुसऱ्याने उठून जायचं असं नाही. अजून एक, त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की असेल त्यात समाधानी राहायला मी शिकलोय. शिकलोय! म्हणजे त्यालाही आधी येत नव्हतं.

रात्रपाळी:
वरच्यांसारखा माझा अभ्यास नाही, अनुभव सांगतो. आई आयसीयूत होती तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर बसून मी रोज रात्री फक्त बायबलमधलं स्तोत्र १३ वाचायचो, कारण सहाच वचनं आहेत आणि त्याहून जास्त डोक्यात शिरत नव्हतं. सुरुवातीलाच चार वेळा विचारलंय, कोठवर, कोठवर. देवाला असं धारेवर धरलेलं चालतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. आणि शेवटी तो स्तोत्रकर्ता एकदम गाईन म्हणतो. मी कितीदा तरी शोधलं की चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे झालं काय? काहीच नाही, शत्रू तिथेच, परिस्थिती तीच. फक्त एवढा वेळ तो ज्याच्याशी भांडत होता तो ऐकतोय याची त्याला खात्री आहे. मला आनंद वगैरे झाला असं म्हणणार नाही, पण एका रात्री ते वाचून मी खुर्चीतच गाढ झोपलो, कित्येक दिवसांनी.

आणि सगळी स्तोत्रं अशी वळतही नाहीत. ८८ वं काढून बघा, ते अंधारातच संपतं. तेही देवाच्याच पुस्तकात ठेवलंय की.

झुडपाखाली:
जरा व्यवहाराचं बोलते, राग मानू नका. वर्षभर कशातच मन लागत नसेल, झोप, भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना भेटा. नुसत्या प्रार्थनेने जाईल, गोळ्या म्हणजे विश्वास कमी, असं मीही ऐकून घेतलंय आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने प्रवचन दिलं नाही. ऊठ, खा म्हणाला. तो खाऊन झोपला, परत उठवून परत खायला दिलं. देवाचा सौम्य आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी. आणि ती पाप शोध म्हणणारी, तिने बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट वाचावी, संकटात त्याला तुझंच पाप असेल म्हणणाऱ्या मित्रांना शेवटी देवानेच झापलं.

मोठा_भाऊ:
सगळं बरोबर पण एक खटकतंय. आनंद म्हणजे भावना नाहीच, नुसती मनाची ठाम धारणा, असं करून करून आपण त्यातला रसच काढून टाकतो. लूकच्या शुभवर्तमानात १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टी बघा, हरवलेलं मेंढरू सापडतं, नाणं सापडतं, दोन्हीकडे शेजारी गोळा करतात. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो तर वाजवणं नाचणं चालू, शेतातून येणाऱ्या मोठ्या भावाला लांबूनच ऐकू येतं. आणि हा बाहेरच उभा, कारण त्याला वाटतं ही मेजवानी कमवावी लागते. ताई, तुम्ही गाण्यात एक डोळा उघडून उभ्या असता ना, मी तिथेच असतो, म्हणून हे नाव घेतलंय. पण बाप त्याला आत बोलवायला स्वतः बाहेर येतो. पुढे तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही.

थोमाची_बहीण:
सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. झुडपाखाली ताई, झोपेचं बरोबर ओळखलंत, सोमवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. काल रात्री १३ वं काढलं. चौथ्या वचनापर्यंत मोठ्याने वाचलं, कोठवर तर जरा जास्तच मोठ्याने, पुढची दोन नाही वाचली, खोटं वाटलं असतं. तिथेच खूण घालून ठेवलीये.